प्लास्टिकची ड्रॅगस्टर: पावसात वायरी, दिवाळीनंतर रंग

रस्त्यावरच्या गाडीचं मॉडेल करताना बॉडी चकचकीत झाली की निम्मं काम फत्ते. बॉनेट लावून टाकलं की आतली वेडीवाकडी जोडणी कोणाला दिसत नाही. ड्रॅगस्टरला, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीला, बॉनेटच नसतं. १९६०च्या दशकातली स्लिंगशॉट म्हणजे दोन लांब नळ्या, त्यांच्यामध्ये उघडं इंजिन, मागे दोन जाडजूड चाकं आणि त्या चाकांच्याही मागे, गलोलीतल्या दगडासारखा बसलेला ड्रायव्हर. बॉडी म्हणायला नाकाकडचा आणि बसायच्या जागेभोवतीचा पत्रा तेवढा. त्यामुळे या मॉडेलमध्ये झाकायला काहीच नाही. नळी वाकडी असली तर वाकडी दिसते, प्लगची वायर चुकीच्या जागी गेली तर जाणकाराच्या पहिल्या नजरेतच ते येतं.

किट घेताना आधी काळ ठरवा. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर शर्यतपटू डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या पायाचा काही भाग गेला. पुढच्या वर्षी तो इंजिन मागे असलेली गाडी घेऊन उतरला, आणि थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेल्या ड्रॅगस्टर मागे पडल्या. म्हणजे स्लिंगशॉट करायची तर टायर, एक्झॉस्ट, सीटबेल्ट सगळं १९७०च्या आसपास किंवा त्याआधीचं हवं. दुसऱ्या किटमधून उचललेला मोठा मागचा पंख तिच्यावर बसवू नका. रेव्हेल, एएमटी आणि एमपीसी या कंपन्यांची या काळातली किटं बहुतेक १/२५ मापाची आहेत. हे माप हिशेबाला फार सोयीचं: खरा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ एक मिलिमीटर. १५० इंचांचं चाकांमधलं अंतर म्हणजे १५२ मिमी, तीन इंची सीटबेल्ट म्हणजे ३ मिमी, दहा इंच रुंद स्लिक (बिनखाचांचा) टायर म्हणजे १० मिमी. एवढं डोक्यात ठेवलं की कुठली तार जाड आणि कुठली बारीक, हे कुणाला विचारावं लागत नाही. (पाव मैलाचा ट्रॅक याच मापात १६ मीटरचा होतो. जुन्या गोंयकार घरात पुढच्या बाल्कांवापासून मागच्या परसापर्यंत आरामात बसेल.)

सामान कुठे मिळतं

किट, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव) आणि क्रोम शाई बाहेरून मागवावी लागते. स्प्रेचे डबे ज्वलनशील असल्याने विमानाच्या टपालाने येत नाहीत, त्यामुळे ते रस्त्याने पाठवणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्या आणि वेळ धरून चाला. बाकीचं बरंचसं म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या बाजारात मिळतं, फक्त दुकानं वेगळी.

मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडे ३० गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार मागा. तिची जाडी ०.३१५ मिमी. खरी प्लग वायर ८ मिमी जाड असते, तिला २५ ने भागलं की ०.३२ येतात. याहून चपखल काही मिळणार नाही. ३३ गेजची तारही (०.२५ मिमी) थोडी घ्या, इंधनाच्या बारीक नळ्यांना लागते. दोन-दोन मीटर पुरे. वाद्यांच्या दुकानातून गिटारची सर्वात बारीक, न गुंडाळलेली स्टीलची तार घ्या. ०.०१० इंचाची तार पाव मिलिमीटर भरते. ती ताठ असते, वाकत नाही, म्हणून थ्रॉटलच्या दांड्याला उत्तम. गोव्यात गिटार वाजवणारा शेजारी नसेल असं होत नाही, त्याच्या तुटलेल्या तारासुद्धा चालतात.

सर्जिकल सामानाच्या दुकानात ११ नंबरचं ब्लेड आणि त्याला बसणारी ३ नंबरची मूठ मिळते. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून ५ मिमी जाडीचा, साधारण १ फूट बाय ६ इंचाचा काचेचा तुकडा आणि त्याच्या कडा घासून घ्या. फरशीची टाइल वापरू नका, ती मध्ये किंचित फुगलेली असते. हार्डवेअरमध्ये ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ०.३ पासून १.२ मिमीपर्यंतची बारीक ड्रिल आणि ती धरायचं हाताने फिरवायचं ड्रिल. फेविक्विक, फेविकॉल, एम-सील घरात असतंच.

नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन आणि हार्डवेअरचं एनसी थिनर किटच्या जवळपासही नको. दोन्ही पॉलिस्टायरीन विरघळवतात. गाडीच्या रंगाचा स्थानिक स्प्रे वापरायचाच असेल तर आधी आइस्क्रीमच्या पांढऱ्या कडक चमच्यावर मारून बघा. पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा आल्या तर तो डबा दाराच्या कडीसाठी ठेवून द्या.

चौकट: सगळं इथेच सुधारतं किंवा बिघडतं

सगळे भाग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग तिथे धरत नाही.

चौकटीच्या लांब नळ्या रनरवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडून येतात ती) कापताना निपर नळीला लागून चालवला तर झटक्याने नळीला पांढरी चीर पडते, आणि ती चीर रंगानंतर उघडते. दोन मिमी सोडून कापा, उरलेला खुंट ब्लेडने पातळ पातळ सोला. मग साच्याची शिवण. नळीच्या दोन्ही बाजूंनी एक बारीक रेघ धावते. ती कानशीने घासली तर नळी तिथे चपटी होते, आणि चपटी नळी उजेडात लगेच ओळखू येते. ब्लेड नळीला काटकोनात, धार न चालवता उभं धरून स्वतःकडे ओढा. केसासारखी साल निघते. त्यानंतर ६०० च्या वॉटर पेपरची ५ मिमी रुंद पट्टी नळीभोवती अर्धी गुंडाळून बुटाला पॉलिश करतात तशी इकडून तिकडे ओढा. गोलाई टिकते. कामाला कंटाळवाणं आहे, पण अर्धा तास इथे घालवला नाही तर पुढचे पन्नास तास वाया.

लांब नळ्या डब्यातच वाकलेल्या असतात. हात घालवणार नाही इतकं गरम, पण उकळतं नव्हे असं पाणी, साधारण ७० अंश, परातीत घ्या. नळी त्यात अर्धा मिनिट बुडवा, काढून काचेवर सरळ दाबून धरा आणि तशीच गार होऊ द्या. उकळत्या पाण्यात टाकली तर ती सरळ होण्याऐवजी पिळवटते. मे महिन्यात किट स्कूटरच्या डिकीत विसरण्याचा परिणामही हाच.

आता काचेखाली आलेखाचा कागद ठेवा. त्यावर मधली रेघ आणि पुढच्या-मागच्या आसांच्या रेघा मारा. दोन्ही बाजूंच्या नळ्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्यांनी काचेवर उभ्या करा. पुढचा आणि मागचा आडवा जोड आधी टेकवा, पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला फक्त एकदा लावा. सिमेंट फटीत आपोआप ओढलं जातं. दोनदा-तीनदा लावलं तर नळी मऊ पडून स्वतःच्या वजनाने खचते. तासाभराने दोन्ही कर्ण मोजा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सांधा अजून हलतो तोवर सरळ करा. मधले जोड त्यानंतर. पूर्ण चौकट २४ तास काचेवरच राहू द्या.

रंग लावण्याआधी दोन तपासण्या चुकवू नका. पहिली: चाकं आणि आस न चिकटवता बसवून गाडी काचेवर ठेवा आणि प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. चारपैकी एका चाकाखालून पट्टी सहज निघाली, तर ते चाक अधांतरी आहे. पुढच्या आसाचं भोक एका अंगाला ०.२ मिमी कानशीने वाढवलं की बहुधा प्रश्न सुटतो. दुसरी: इंजिन हेडर्ससकट (एक्झॉस्टचे पाइप) चौकटीत घालून बघा. डाव्या बाजूने स्टिअरिंगचा लांब दांडा पुढच्या आसापर्यंत जातो, आणि डावीकडचे एक्झॉस्ट पाइप हमखास त्याला अडतात. हे रंगवल्यावर कळलं तर रंग खरवडण्याशिवाय मार्ग नाही.

इंजिन

बहुतेक किटांत क्रायस्लरचं हेमी येतं: ५०च्या दशकातलं ३९२ किंवा १९६४ मध्ये शर्यतीत उतरलेलं ४२६ (आकडे इंजिनाच्या घन इंचांचे). दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण मॅग्नेटोची, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागाची, जागा वेगळी. ३९२ मध्ये तो ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ४२६ मध्ये पुढे उजव्या अंगाला तिरका. किटचा नकाशा कधी कधी यात घोळ घालतो, म्हणून आपलं इंजिन कोणतं हे आधी ठरवून मगच भोक पाडा.

वर बसतो तो ६-७१ ब्लोअर मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनाचा: ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, त्यावरून नाव. ट्रक-बसची हवा भरायची वस्तू ड्रॅगवाल्यांनी उचलून नायट्रोमिथेन या इंधनावर चालणाऱ्या इंजिनावर ठेवली. किटमध्ये तो दोन अर्ध्या भागांत येतो आणि पुढच्या-मागच्या तोंडावर शिवण राहते. ती बुजवून घासा, नाहीतर ओतीव धातूचा तुकडा दुभंगल्यासारखा दिसतो. ब्लोअर फिरवणाऱ्या पट्ट्याच्या कडा ६०० ने मारून मॅट काळा करा, चमकणारा पट्टा प्लास्टिकच वाटतो.

एक्झॉस्टचे पाइप आतून पोकळ करा. टोकाच्या बरोबर मध्ये सुईने खूण, मग ०.८ चं ड्रिल, मग १.२ चं, दीड मिमी खोल, आणि शेवटी ब्लेडचं टोक आत फिरवून कड पातळ करा. आठ पाइप, प्रत्येकी पाच मिनिटं. अख्ख्या मॉडेलमध्ये इतक्या कमी कष्टात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. वर-मागे वळलेले पाइप, ज्यांना झूमी म्हणतात, ते ६०च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाले. टायरवरचा धूर आणि रबराचे कण ते उडवून लावत. त्याआधीच्या गाडीला पाइप खाली वळलेले हवेत.

मॅग्नेटो आणि आठ वायरी

टोपी साधारण ४-५ मिमी व्यासाची. तिच्यावर पेन्सिलीने एक अधिक आणि एक गुणिलेची खूण काढली की आठ समान जागा मिळतात. प्रत्येक जागी आधी सुईचं टोक टोचा. हा खळगा नसेल तर ड्रिल घसरून शेजारच्या जागेत जातं. ०.३५ चं ड्रिल दोन बोटांत धरून, जोर न लावता, एक मिमी खोल. ड्रिल मोडतं ते दाबामुळे नाही, तिरकं धरल्यामुळे.

तारेचे प्रत्येकी ७० मिमीचे आठ तुकडे करा. रिळावरून आलेली तार वळणावळणाची असते. ती बोटांनी सरळ करायच्या फंदात पडू नका. दोन चिमट्यांत दोन्ही टोकं पकडून हलका ताण द्या. तार किंचित लांबते आणि सुतासारखी सरळ होते. जास्त ओढली तर तुटते, पहिल्या दोन तुटतीलच. इनॅमलवर रंगाचा थर वळणावर तडकतो, त्यापेक्षा काळ्या किंवा लाल पर्मनंट मार्करने दोनदा पुसलेली तार छान दिसते.

फेविक्विकचा थेंब काचेवर काढा, तारेचं टोक त्याला जेमतेम टेकवा आणि भोकात सरकवा. आठही झाल्यावर पाच-दहा मिनिटं हात लावू नका. आता मार्ग. क्रायस्लरच्या व्ही-८ मध्ये डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८ असे सिलिंडर. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. ४२६ मध्ये वरून पाहिलं असता टोपीभोवती हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेने जातो. एका भोकाला एक नंबर मानून त्या दिशेने मोजत गेलं की कोणती वायर कुठे हे आपोआप ठरतं. शेवरलेटच्या व्ही-८ चे सिलिंडर याच पद्धतीने मोजतात आणि क्रमही हाच, पण टोपी घड्याळाच्या दिशेने फिरते. फोर्डमध्ये मात्र उजवी बाजू १ ते ४ आणि डावी ५ ते ८, तिथे हे गणित चालत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पुढची. हेमीचे प्लग डोक्याच्या बरोबर मध्ये असतात, त्यामुळे वायरी व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध असलेल्या चार भोकांतून आत जातात. शेवरलेट करायची सवय असलेले हात त्या बाजूने, एक्झॉस्टच्या वर नेऊन चिकटवतात. कव्हरवर ०.५ चं ड्रिल मारा, वायरीला ३ मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर मऊ वळण द्या, मग मापाने कापून आत सोडा. कव्हरमध्ये शिरते तिथे जाडसर काळ्या रंगाचा थेंब टिपला की रबराची टोपी तयार. खरी वायर स्वतःच्या वजनाने थोडी लोंबते. तांब्याची तार टोकदार कोपरा धरून बसते, तो कोपरा दिसला की सगळी मेहनत तारेची वाटते, वायरीची नाही.

इंधनाच्या नळ्या त्या मानाने सोप्या. टाकी पुढे नाकात, तिथून जाड नळी, सुमारे ०.९ मिमी, इंजिनाच्या पुढच्या तोंडावरच्या पंपाला. पंपातून थोडी बारीक नळी वर इंजेक्टरच्या बाजूच्या व्हॉल्व्हला, आणि तिथून वाटणीच्या ठोकळ्यातून ३३ गेजच्या बारीक नळ्या नोझलपर्यंत. एक नळी परत टाकीकडे. ही परतीची नळी बहुतेक जण विसरतात. थ्रॉटलचा दांडा गिटारच्या तारेचा. ती कापताना डोळ्यावर चष्मा हवा, तुकडा गोळीसारखा उडतो.

क्रोम किती आणि कुठे

किटमधले चकाकते भाग तसेच वापरले तर गाडी दागिन्यासारखी दिसते. शिवाय रनरपासून तोडलेल्या जागी पांढरं प्लास्टिक उघडं पडतं. कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की अर्ध्या तासापासून रात्रभरात मुलामा उतरतो. डबा झाकून, खिडकी उघडी ठेवून हे करा, आणि ब्लीच संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मुलाम्याखाली बहुधा पिवळट लाखेचा थर राहतो. तो टूथब्रशने घासून काढता येतो, चिवट असेल तर वरून ६०० फिरवा.

मग धातूंच्या चार छटा पाडा. ब्लोअर ओतीव अॅल्युमिनियमचा, राखाडीकडे झुकणारा, फासळ्यांच्या मध्ये पातळ काळा रंग सोडलेला. इंजेक्टर आणि टाकी घासलेल्या अॅल्युमिनियमची, उजळ. हेडर्स स्टीलचे, इंजिनापाशी पारदर्शक तपकिरी आणि निळ्याचा हलका हात. खरं क्रोम फक्त पुढच्या आसाला, व्हॉल्व्ह कव्हरला आणि हँडल-दांड्यांना. क्रोम शाईखाली आरशासारखा चकाकता काळा थर लागतो, तो खरखरीत असेल तर वर क्रोम न येता चंदेरी रंग येतो. शाई वाळली तरी बोटाचा ठसा उमटतो, म्हणून असे भाग टूथपिकवर चिकटवून रंगवा आणि जोडणीच्या वेळेपर्यंत हात लावू नका. क्रोमजवळ फेविक्विक वापरलं तर त्याची वाफ पांढरी साय धरते. ओल्या हवेत हे जास्त होतं. अशा ठिकाणी फेविकॉलचा थेंब किंवा दोन भागांचा इपॉक्सी.

रंग आणि गोव्याची हवा

जून ते सप्टेंबर चमकदार लॅकर मारूच नये, असं सरळ मत आहे. कारण साधं. लॅकरमधलं द्रावण झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं बसतं. रंगात दुधासारखं धुकं येतं. पावसाचे चार महिने चौकट, इंजिन, वायरी यांत घालवा. रंगाला दिवाळीनंतरची हवा मिळाली की अर्धी भांडणं मिटतात.

तरीही चवथीच्या आत गाडी संपवायचीच असेल तर दोन सरींमधली उघडीप बघा, सकाळी अकरा ते दुपारी तीन. डबा ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, त्यापेक्षा गरम पाणी धोक्याचं. बॉडी आधी अर्धा तास बल्बच्या उबेत, पण ४५ अंशांच्या आत. धुकं आलंच तर घासू नका. पूर्ण वाळू द्या, कोरड्या दिवशी त्यावर पारदर्शक लॅकरचा एक पातळ ओला हात मारा. वरवरचं धुकं बहुधा विरघळून जातं. खोलवर असेल तर १००० ने घासून पुन्हा.

पद्धत नेहमीची: प्रायमर, १००० ने पाण्यात हलकं घासणं, मग २० ते २५ सेमी अंतरावरून रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. डबा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. ड्रॅगस्टरला कँडी रंग शोभतो: खाली चंदेरी किंवा सोनेरी, वर पारदर्शक लाल किंवा निळा. कँडीची मेख अशी की हातांच्या संख्येवर छटा बदलते. नाकाचा पत्रा आज आणि मागचा पत्रा उद्या रंगवला तर दोन वेगळे लाल मिळतील. सगळे पत्रे एकाच काठीवर टांगून एकाच बैठकीत, मोजून तितकेच हात. वाळायला उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळी हवेत आठवडा. नाकाजवळ धरून वास येत असेल तर रंग अजून ओला आहे. वाफेसाठीचा मास्क लावा, कापडी रुमालाने काही होत नाही.

टायर

स्लिक टायर किटमध्ये चकचकीत काळे आणि मधोमध शिवण असलेले येतात. २२० च्या पेपरवर फिरवून चमक मारा. शर्यतीच्या टायरचा तोंडवळा राखाडी-काळा, धुळकट असतो. जमिनीला टेकते तिथे जेमतेम अर्धा मिमी सपाट घासा, म्हणजे गाडीला वजन येतं. एक धोका लक्षात असू द्या: मऊ व्हिनाइलमधलं तेल कडक प्लास्टिक खातं. डब्यात टायर पारदर्शक भागावर किंवा चौकटीवर वर्षभर पडून राहिले की तिथे वितळलेला खड्डा दिसतो, आणि आपल्याकडच्या उष्म्यात हे लवकर होतं. किट घरात आलं की पहिलं काम म्हणजे टायर वेगळ्या पिशवीत. चाकाच्या ज्या कडेला टायर घासतो तिथे रंगाचा पूर्ण थर असू द्या. पुढच्या तारांच्या चाकांना ब्रेक नसतात, उगाच डिस्क जोडू नका.

डेकल, बेल्ट, पॅराशूट

जुन्या किटची डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, पिवळी पडलेली असतात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवली की पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतर त्यांच्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात मारा, नाहीतर पाण्यात पडताच तुकडे होतात. मग प्रत्येक चित्र कडेने कापून घ्यावं लागतं. वळणावर बसवायला डेकलचं द्रावण नसेल तर पांढरं कृत्रिम व्हिनेगर निम्मं पाणी घालून चालतं. विंदालूसाठी आणलेलं माडाचं व्हिनेगर नको, त्याला स्वतःचा रंग असतो. डेकल चमकदार थरावरच लावा. मॅटवर लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. पत्र्यावरची नावं आणि रेघा हाताने काढणाऱ्यांनी एकदा चित्रशाळेत गणपतीचे डोळे आखणाऱ्याचा हात बघावा: करंगळी टेकलेली, श्वास धरलेला, आणि ब्रशवर रंग अगदी थोडा.

सीटबेल्ट मास्किंग टेपचे, ३ मिमी रुंद. रंगवून, खाकी किंवा काळे, वाळल्यावर बोटांत चुरगाळून पुन्हा सरळ करा. बकल फ्यूजच्या तारेचं: तार हातोडीने चपटी करून चौकोनी वळवायची. स्लिंगशॉटमध्ये ड्रायव्हरचे पाय मागच्या आसाच्या डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंनी जातात, म्हणून तो गोळा सीटमधून दिसायलाच हवा. किटमधल्या फळीने तो झाकला असेल तर फळी कापा.

पॅराशूटची पिशवी टिश्यू पेपरच्या घडीची, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेली, साधारण १० बाय ८ मिमी. ओली असतानाच सुईने घड्या पाडा, बांधायला शिवणाचा दोरा मेणबत्तीवर ओढून, म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत. सोडायची वायर ड्रायव्हरच्या हाताशी आणून सोडा, हवेत नको.

शेवटची जोडणी या क्रमाने: चौकटीत इंजिन, मग मागचा आस, मग स्टिअरिंगचा दांडा, इंधनाच्या नळ्या, सीट, पत्रे, आणि पुढची चाकं सर्वात शेवटी, कारण तोवर ती हाताला लागून मोडतातच. गाडी पुन्हा काचेवर ठेवून कागदाची पट्टी चारही टायरखाली फिरवा. अॅक्रिलिकच्या पेटीत ठेवताना कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दर दोन महिन्यांनी बदला. उरलेली डेकल आणि किटचा नकाशा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कपाटातली कसर कागद आणि डिंक दोन्ही खाते.